चावा बसल्यानंतरची भूमिका

झोंबीपटात चावा बसतो तो बहुधा दुय्यम भूमिकेतल्या नटाला. नायक-नायिकेला शेवटपर्यंत जगायचे असते आणि एकमेकांवर प्रेम करायचे असते. त्यांच्या जिवावरचे संकट खरे वाटायला हवे असेल, तर शेजारी, मित्र, वॉचमन, घरकाम करणारी बाई यांपैकी कोणीतरी पडद्यावर माणूस म्हणून मरून पुन्हा उभे राहावे लागते. हे काम ज्याला नीट जमते, त्याच्यावर अख्खा चित्रपट तरतो.

मराठीत झोंबीपटाचा प्रयोग पहिल्यांदा ‘झोंबिवली’ने केला. थिएटरे निम्म्या क्षमतेने चालू होती, अशा काळात २६ जानेवारी २०२२ रोजी सारेगामाच्या यूडली फिल्म्सचा हा चित्रपट प्रदर्शित झाला. कथा डोंबिवलीची असली, तरी दिग्दर्शक पुण्याचा. आदित्य सरपोतदार हे चित्रपटसृष्टीत असलेल्या सरपोतदार घराण्याच्या चौथ्या पिढीतले. मूकपटांच्या काळात पुण्यात चित्रपट काढणाऱ्या नानासाहेब सरपोतदारांनीच १९३५ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस सुरू केले. नाटक-सिनेमावाल्यांच्या कित्येक पिढ्या तिथे जेवल्या.

चित्रपटाचा नायक अमेय वाघही पुण्यातल्या महाविद्यालयीन एकांकिकांमधून आणि ‘नाटक कंपनी’ या नाट्यसंस्थेतून घडलेला. त्याने आणि सरपोतदारांनी याआधी २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ केला होता. ‘झोंबिवली’त तो आणि वैदेही परशुरामी मोठ्या गृहसंकुलात राहायला आलेले जोडपे आहेत आणि ती गरोदर आहे. ललित प्रभाकर शेजारच्या वस्तीतल्या लोकांसाठी लढणारा तरुण. प्रेम, येणारे मूल आणि पाण्यावरून टॉवर व वस्तीत पडलेली फूट यांच्या मधोमध झोंबी उभे राहतात. अशा कथेत तृप्ती खामकरने केलेली घरकाम करणाऱ्या बाईची भूमिका फार मोलाची ठरते. टॉवर आणि वस्ती या दोन्ही जगांत तिची ये-जा आहे. ती खोटी वाटली असती, तर चित्रपटातला सामाजिक ताण कागदावरच राहिला असता.

पात्रनिवड करताना पहिला प्रश्न असतो, हा चेहरा दोन-तीन प्रसंगांत प्रेक्षकाच्या ओळखीचा होईल का? बोलीचा बाज, उभे राहण्याची लकब, हातातली पिशवी धरायची पद्धत एवढ्यावरच ती ओळख उभी करायची असते. दुसरी कसोटी शरीराची. पांढुरक्या लेन्स घातल्या की नीट दिसत नाही. मेकअपला तासन्‌तास लागतात, आणि तो चढवून धावायचे, पडायचे, पुन्हा उठायचे असते. शिवाय चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. सकाळी घेतलेला दिवाणखान्यातला प्रसंग चाव्यानंतरचा असतो आणि दुपारी जिन्यातला चाव्याआधीचा. आपला कोणता पाय फरफटत होता, मान कुठे कलली होती, हे नटाला स्वतःला लक्षात ठेवावे लागते.

गर्दीतल्या झोंबींची गोष्ट आणखी निराळी. पुढच्या रांगेला पूर्ण मेकअप, मागच्यांना जुजबी, अशी विभागणी सगळीकडेच असते. पण कॅमेऱ्यात एकच माणूस लाजला, हसला किंवा नायकाची वाट बघत थांबला, तर भीती तिथेच संपते. म्हणून जाणते दिग्दर्शक या गर्दीला तालीम देतात. कोरियाच्या ‘ट्रेन टू बुसान’ (२०१६) या चित्रपटासाठी झोंबींच्या हालचाली बसवायला स्वतंत्र नृत्यदिग्दर्शक होता. त्याच चित्रपटात गरोदर बायकोला जपणाऱ्या दांडग्या नवऱ्याची भूमिका मा डोंग-सोक याने केली. नायक दुसराच होता, पण जगाच्या लक्षात राहिला हा नवरा, आणि पुढे २०२१ मध्ये तो मार्व्हलच्या ‘इटर्नल्स’मध्ये पोहोचला.

झोंबी आणि प्रेम यांची थेट सांगड घातली ती ‘वॉर्म बॉडीज’ने (२०१३). मेलेला तरुण आर आणि जिवंत ज्युली ही नावेच रोमिओ-ज्युलिएटची आठवण करून देतात. त्यात रोमिओच्या मित्राची जागा एम या झोंबीने घेतली आहे. ती भूमिका रॉब कॉर्ड्री या विनोदी नटाला दिली गेली, आणि ही निवड अचूक होती. सुरुवातीला एमकडे घुसमटलेल्या हुंकारांपलीकडे फारसे काही नाही. पुढे प्रेमी जोडप्याला पाहून त्याच्यातला माणूस हळूहळू जागा होतो. प्रेमाने मेलेले जग बदलते, हे नायक-नायिकेने कितीही सांगितले तरी पुरत नाही. ते मित्राच्या चेहऱ्यावर दिसावे लागते.

अशा कामासाठी पुण्याइतकी तयार शाळा क्वचितच सापडेल. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेत ब्राह्मणांची रांगच भिंत होत होती, पडदा होत होती, जमाव होत होती. मोहन आगाशेंचा नाना गाजला तो त्या रांगेच्या आधाराने. याच भरत नाट्य मंदिरात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा रंगते. १९६३ पासून तिथे विशीतली मुले एकमेकांच्या श्वासाचा अंदाज घेत समूहाने अभिनय करायला शिकत आली आहेत. डोळ्यांना अर्धवट दिसत असताना शेजारच्याच्या हालचालीवरून आपली जागा ओळखणे, ही झोंबीची गरज या मुलांना नवी नाही.

दुय्यम नटाच्या जोरावर भीती खरी करण्याची जाण सरपोतदारांच्या ‘मुंज्या’तही (२०२४) दिसते. मेल्यानंतरही प्रेमाचा हट्ट न सोडणाऱ्या मुलाची ही गोष्ट, आणि तिचा मोठा भाग पुण्यात घडतो. मुंज्या संगणकावर घडवलेला आहे. त्याच्यावर आपला विश्वास बसतो तो बऱ्याच अंशी आजी झालेल्या सुहास जोशींमुळे. तो आजीचा लहानपणी गेलेला भाऊ आहे, आणि त्याची दहशत त्यांच्या नजरेत आधीपासूनच मुरलेली असते.

दुय्यम नटांचे हे काम निर्मात्यांनी गंभीरपणे घ्यायला हवे. झोंबी होणाऱ्या प्रत्येक नटाला तालमीच्या दिवसांचे पैसे मिळावेत आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव भूमिकेसह यावे. पुण्यातल्या तरुण नटांनीही ऑडिशनला ‘झोंबीची भूमिका आहे’ असे ऐकून मागे फिरू नये. संवादाशिवाय उभे राहण्याची इतकी कठीण परीक्षा दुसऱ्या फार थोड्या भूमिका घेतात.