बोरीची मालिका जर्मनीत कशी लावायची?

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीत रात्री जेवणं उरकली की मालिका लागते. जर्मनीतला पुतण्या विचारतो, "काका, कोणता व्हीपीएन घेऊ?"

व्हीपीएन म्हणजे आपला इंटरनेटचा पत्ता दुसऱ्या देशातला दाखवणारी सेवा. पण आधी तिच्याशिवाय बघ. झी५ अ‍ॅप परदेशातही रीतसर मिळतं, मग उगाच खर्च कशाला?

तरी लागलाच, तर एक गंमत ऐका. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं जपायला सांगितलं. एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हरच काढले. आता त्यांच्याकडून मिळतो तो पत्ता भारताचा, पण मशीन दुसऱ्याच देशात! एक्स्प्रेसनं तेव्हा सिंगापूर आणि ब्रिटन असे दोन पर्याय दिले. युरोपात असाल तर ब्रिटनवाला घ्या, चित्र कमी अडखळतं.

फुकटातले तर नकोच. त्यातले बरेच आपलीच माहिती विकून पोट भरतात. शिवाय अ‍ॅप व्हीपीएनचे पत्ते ओळखून अडवतात, त्यामुळे आज चाललं ते उद्या चालेलच असं नाही. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. 30 दिवसांत पैसे परत मिळतात का, ते पाहा.

अ‍ॅपच्या अटीही वाचा, काहींना व्हीपीएन चालत नाही. दुबईकरांनो, तिकडचा कायदा कडक आहे, जपून!

तुमच्याकडे काय चालतं? देशाचं नाव घालून कमेंटमध्ये सांगा.