संगणकाला अडवणारी संख्या

विद्यार्थ्यांनो, एखाद्या पुस्तकाच्या शेवटी 'शुद्धिपत्र' नावाचा कागद तुम्ही पाहिला असेल. कोणत्या पानावर कोणती चूक राहिली, ते त्यावर छापलेले असते. पुढच्या आवृत्तीत ती चूक सुधारली जाते. संगणकाच्या भाषांच्याही अशाच आवृत्त्या निघतात आणि त्यांच्याबरोबर दुरुस्त्यांची यादी येते. ही यादी फारसे कोणी वाचत नाही. ६ जानेवारी २०११ रोजी पीएचपी या भाषेची ५.३.५ ही आवृत्ती निघाली, तेव्हा मात्र तिच्याबरोबरची दुरुस्ती पुष्कळांनी लक्ष देऊन वाचली. ती दुरुस्ती एकाच संख्येसाठी होती.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. माणूस पीएचपी किंवा जावा या भाषेत प्रोग्राम लिहितो. पण संगणकाच्या यंत्राला ती भाषा थेट कळत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो. हा दुभाषी म्हणजेसुद्धा एक प्रोग्रामच. त्याला 'रनटाइम' म्हणतात. तुमचा प्रोग्राम अगदी बिनचूक असला, तरी दुभाषी चुकला तर काम बिघडते. आणि एकाच दुभाष्यावर लाखो प्रोग्राम अवलंबून असतात. विकिपीडिया हा ज्ञानकोश चालवणारा प्रोग्रामही पीएचपीतच लिहिलेला आहे.

आता त्या संख्येकडे वळू. ती अशी आहे: २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात. म्हणजे दशांश चिन्हानंतर आधी ३०७ शून्ये लिहायची आणि मग २२२५ पासून पुढचे अंक. इतकी लहान संख्या कोणाच्या हिशेबात येणार? कोणाच्याही नाही. पण ३२ बिटांच्या काही संगणकांवर पीएचपीला ही संख्या दिली, की तो प्रोग्राम तिथेच अडकून बसे. ना उत्तर, ना चुकीची सूचना. संगणक एकच क्रिया पुन्हा पुन्हा करत राही.

असे का होई? आपण कळफलकावर '१२५' टाइप करतो, तेव्हा संगणकाला फक्त तीन अक्षरे मिळतात. त्यांची संख्या त्याला बनवावी लागते. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. संगणकही आकडे त्याच क्रमाने वाचतो: १ घेतला, त्याला १० ने गुणून २ मिळवले, पुन्हा १० ने गुणून ५ मिळवले. पूर्णांकांचे हे काम सोपे आहे. दशांश अपूर्णांकांचे तसे नाही. संगणक ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो. आपल्या ०.१ सारखी साधी संख्यासुद्धा त्या पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. जवळची संख्या घ्यावी लागते. म्हणून दुभाषी आधी एक अंदाज करतो, तो मूळ संख्येशी ताडून पाहतो, थोडी दुरुस्ती करतो आणि पुन्हा ताडतो. ताळा जमला, की थांबतो.

या संख्येपाशी ताळा जमतच नसे. ही संख्या एका सीमेवर आहे. तिच्याहून किंचित मोठ्या संख्या संगणक पूर्ण अचूकतेने साठवतो. त्याखालच्या संख्यांची अचूकता कमी कमी होत जाते. शिवाय त्या संगणकांत आणखी एक गंमत होती. संख्या साठवायला ६४ बिटांची जागा होती, पण आकडेमोड ८० बिटांत होत असे. सराफाच्या नाजूक काट्यावर वजन करायचे आणि वहीत मात्र फक्त पूर्ण ग्रॅम लिहायचे, असा हा प्रकार. काट्यावरचे वजन आणि वहीतले वजन जुळणार कसे? दुभाषी बिचारा चिमूटभर घालत आणि काढत बसे.

दशमान संख्यांचे रूपांतर अचूक होते की नाही, हे तपासण्याचा नाद असलेल्या एका प्रोग्रामरला ही संख्या सापडली. २०१० साल संपता संपता तक्रार नोंदली गेली आणि आठवडाभरात दुरुस्त आवृत्ती बाहेर पडली. दुरुस्ती किती मोठी असेल? मुख्यतः एका शब्दाची. ही संख्या प्रत्येक वेळी ६४ बिटांच्या जागेतच ठेवून मग पाहा, असे सांगणारा 'व्होलाटाइल' हा शब्द प्रोग्राममध्ये घातला गेला.

एवढी घाई कशासाठी? कारण संकेतस्थळावर कोणीही काहीही टाइप करू शकतो. वयाच्या चौकटीत ही संख्या लिहिली, तर समोरचा सर्व्हर अडकू शकत होता. अशा दहा-वीस चौकटी भरल्या, की इतर लोकांना ते संकेतस्थळ बंदच दिसले असते. निकाल पाहणारा विद्यार्थी असो की तिकीट काढणारा प्रवासी, दोघेही ताटकळले असते.

थोड्याच दिवसांत जावा या भाषेतही असाच दोष उघड झाला. तिथे संख्येचा शेवटचा अंक १ ऐवजी २ होता. कारणही निराळे होते: दुभाषी शेजारच्या दोन संख्यांमध्ये हेलपाटे घाली. इथे तर चौकट भरण्याचीही गरज नव्हती. आपला ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर आपल्या भाषांची आवड सर्व्हरला कळवतो; उदाहरणार्थ, उर्दू १, मराठी ०.८, इंग्रजी ०.५. या अंकांच्या जागी ती संख्या घातली, की जावावर चालणारे काही सर्व्हर अडकत. ओरॅकल कंपनीने ८ फेब्रुवारी २०११ रोजी तातडीची दुरुस्ती दिली. खेदाची गोष्ट अशी, की जावातील या दोषाची तक्रार २००१ सालीच नोंदली गेली होती. कोणाच्याही हिशेबात न येणारी संख्या म्हणून ती दहा वर्षे पडून राहिली असावी.

आवृत्तीच्या आकड्यांचाही एक संकेत आहे. ५.३.५ मधला पहिला आकडा बदलला, तर भाषेत मोठे बदल झाले असे समजावे. अशा वेळी जुने प्रोग्राम तपासून घ्यावे लागतात. शेवटचाच आकडा बदलला असेल, तर सहसा फक्त दुरुस्त्या असतात. अशी आवृत्ती घ्यायला उशीर करण्यात अर्थ नाही.

पीएचपीच्या कार्यकर्त्यांनी दुरुस्तीबरोबर एक छोटी चाचणीही लिहून ठेवली. तिच्यात हीच संख्या वेगवेगळ्या प्रकारे लिहून दुभाष्याला दिली जाते आणि तो उत्तर देऊन थांबतो की नाही, हे पाहिले जाते.