युद्धकला साधना केव्हा होते? : दोजो आणि तालीम यांचा एक धडा

परदेशातील मराठी घरांमध्ये मुलांना ज्यूदो किंवा कराटेच्या वर्गाला पाठवणे आता नित्याचे झाले आहे. मुलाला शिस्त लागावी, आत्मविश्वास यावा आणि जमल्यास मनही स्थिर व्हावे, अशी पालकांची अपेक्षा असते. यांतील शेवटच्या अपेक्षेला आधार किती आहे?

ज्या जागेत हे शिक्षण होते तिला जपानी भाषेत ‘दोजो’ म्हणतात. हा शब्द ज्या चिनी शब्दावरून आला, तो मुळात संस्कृत ‘बोधिमंड’ या शब्दाचा अनुवाद आहे. बोधिमंड म्हणजे बोधिवृक्षाखालची ती भूमी, जेथे गौतम बुद्धांना ज्ञान झाले. पुढे विहारातील साधनेच्या जागेला आणि कालांतराने युद्धकलेच्या शाळेलाही हेच नाव मिळाले.

अडकलेले मन

सतराव्या शतकात झेन भिक्षू ताकुआन सोहो यांनी शोगुनांचे तलवारविद्येचे गुरू याग्यू मुनेनोरी यांच्यासाठी एक प्रबंध लिहिला. त्याचा गाभा साधा आहे. प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर मन खिळले की हात खुंटतो. स्वतःच्या तलवारीवर किंवा जिंकण्याच्या इच्छेवर खिळले तरीही तेच होते. मन कोठेही न अडकता सर्वत्र वाहते राहिले पाहिजे.

युद्धकला आणि ध्यान यांचा खरा सांधा येथे आहे. आसनावर बसलेल्या साधकाचे मन भरकटले तर ते त्याच्या लक्षात यायलाही वेळ लागतो. ज्यूदोच्या चटईवर मात्र क्षणभर लक्ष ढळले की पाठ जमिनीला टेकते. तेथे आत्मवंचना फार काळ टिकत नाही. शिवाय ज्यूदोत नवशिक्याला आधी शिकवतात ते पडायला. पडणे हा अपमान नसून अभ्यासाचा भाग आहे, हे शरीराला कळले की अहंकारही थोडा सैल होतो.

कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात ज्यूदोची शाळा सुरू केली. ‘जुजुत्सु’ या जुन्या नावातील ‘जुत्सु’ म्हणजे कौशल्य; त्याऐवजी त्यांनी ‘दो’, म्हणजे मार्ग, हा शब्द स्वीकारला. शक्तीचा उत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण ही तत्त्वे त्यांनी पुढे मांडली. कानो हे शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांच्या दृष्टीने ज्यूदोचे प्रयोजन माणूस घडवणे हे होते.

मातीची दीक्षा

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘तालीम’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थच शिक्षण असा आहे. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान मारुतीला नमस्कार करून, माती कपाळी लावून उतरतो. पहाटेचे जोर-बैठका, माती उकरणे, खुराकाचे नियम, ब्रह्मचर्याचा आग्रह आणि वस्तादाची आज्ञा यांतून दिनक्रमालाच व्रताचे रूप येते. मल्लखांबाच्या परंपरेतही पेशवाईच्या उत्तरकाळातील बाळंभट दादा देवधर यांना मारुतीच्या उपासनेतून ही विद्या सुचली, अशी आख्यायिका आहे.

सावधगिरीची बाजू

मात्र सरावातून विवेक आपोआप उपजत नाही. जर्मन तत्त्वज्ञ ऑयगेन हेरिगेल यांनी जपानमध्ये आवा केंझो यांच्याकडे धनुर्विद्या शिकून १९४८ मध्ये धनुर्विद्या आणि झेन यांवर जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले. आवा यांनी स्वतः झेन साधना केलेली नव्हती आणि गुरुशिष्यांतील काही निर्णायक संवाद दुभाष्याविना झाले होते, हे यामादा शोजी या संशोधकांनी पुढे दाखवून दिले. त्याहून गंभीर बाब अशी, की मायदेशी परतलेल्या हेरिगेल यांनी १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले. जपानमध्येही युद्धकाळात शाळांतील ज्यूदो आणि केंदो लष्करी मनोवृत्तीच्या कामी जुंपले गेले आणि १९४५ नंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शाळांतून त्यांवर बंदी घातली. एकाग्र झालेले मन कोणाच्याही सेवेला लावता येते.

पतंजलींनी चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने सांगितली आहेत. दोजो असो वा तालीम, अभ्यास तेथे भरपूर मिळतो. वैराग्य मात्र वेगळे शिकावे लागते, आणि ते शिकवणारा गुरू असेल तरच अंगमेहनतीची साधना होते.

म्हणून मुलासाठी वर्ग निवडताना भिंतीवरील पदके आणि पट्ट्यांचे रंग यांपलीकडे पाहावे. सर्वांत दुबळ्या विद्यार्थ्याशी गुरू कसे वागतात? जिंकलेले मूल हरलेल्याला हात देऊन उठवते का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की त्या वर्गात केवळ डावपेच शिकवले जातात की त्यापलीकडचे काही, हे कळायला वेळ लागत नाही.