दवाखान्याची मुंबई, समुद्राची मुंबई

आमच्या अम्मींचे, म्हणजे मुलांच्या दादीचे वय ६८. सारी हयात चाकणमध्ये गेली. कांद्याच्या बाजाराचे चाकण त्यांनी पाहिले आणि त्याच शिवारात मोटारींचे कारखाने उभे राहतानाही पाहिले. मुंबईत मात्र त्यांचा मुक्काम एकदाच झाला होता. अब्बांना परळच्या कॅन्सरच्या दवाखान्यात दाखल केले तेव्हा त्या चाळीस दिवस धर्मशाळेत राहिल्या. तिथून समुद्र काही लांब नव्हता, पण त्यांनी तो पाहिला नाही. "तेव्हा कुणाला सुचणार होतं?" एवढेच त्या म्हणतात.

आपल्या कितीतरी घरांचे असेच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांचा मुंबईतला मुक्काम दोनच कारणांनी व्हायचा, हज नाहीतर दवाखाना. हजचा सफर जहाजाने होत असे त्या काळी गावोगावचे हाजी मुंबईत यायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे आणि बंदरातून जिद्दाकडे निघायचे. १९९५ साली ही जहाजे बंद झाली. अम्मींचे नाना असेच जहाजाने हजला गेले होते. त्या सफरीच्या गोष्टी अम्मींनी लहानपणी ऐकल्या होत्या, पण ते पाणी कधी पाहिले नव्हते.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठरवले, अम्मींना समुद्र दाखवायचा. आणि तोही सकाळी जाऊन संध्याकाळी परत असा नाही. दोन रात्री समुद्राजवळ राहायचे.

नातेवाइकांना कळले तेव्हा कुणी म्हणाले, "लॉजवर पैसे कशाला घालवता? मुंब्र्याला खालाकडे उतरा." सल्ला चुकीचा नव्हता. पण अम्मी हळूच म्हणाल्या, "कुणाच्या घरी गेले की मी स्वयंपाकघरातच असते." आमच्या बहिणींना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आराम म्हणजे उधळपट्टी नव्हे. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींची ससूनमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि १९२४ साली सुटका झाल्यावर विश्रांतीसाठी ते जुहूच्या किनाऱ्यावरच जाऊन राहिले होते. शाळेतल्या भिशीचे पैसे आले होते. मोबाइलवरून जुहूजवळच्या एका हॉटेलात खोली ठरवली. दोन रात्रींचे पैसेही आगाऊ भरले.

काउंटरवर

पहाटे चिंचवडहून सिंहगड एक्सप्रेस पकडली. दादरला उतरून लोकलने विलेपार्ले, पुढे रिक्षा. अम्मींचे गुडघे दुखत होते, पण तोंडातून हूं की चूं नाही. धाकट्याने रिक्षातूनच विचारायला सुरुवात केली होती, "समुद्र आला का?"

हॉटेलच्या काउंटरवरच्या तरुणाने हसून स्वागत केले. आम्ही आधार कार्डे पुढे केली. त्याने ती पाहिली, नावे वाचली आणि आत गेला. परत आला तो म्हणाला, "तुमचं बुकिंग आमच्याकडे आलेलंच नाही." आम्ही मोबाइलवरचा संदेश दाखवला. मग म्हणाला, "खोल्या भरल्या आहेत." सकाळीच फोन करून खात्री केल्याचे सांगितले, तेव्हा तिसरे कारण आले, "महाराष्ट्रातल्या ओळखपत्रावर आम्ही खोली देत नाही."

मुलांचे अब्बू चिडले. अम्मी सोफ्याच्या कडेला बसून होत्या, चप्पलही पायातून काढली नव्हती. म्हणाल्या, "चल बेटा, घरी जाऊ." आणि नववीतली आमची थोरली कानाशी येऊन कुजबुजली, "अम्मी, आपलं नाव बघून का?"

तिला काय उत्तर द्यायचे? बदगुमानीपासून दूर राहावे ही आपल्या दीनची शिकवण. त्या मुलाच्या मनात काय होते ते अल्लाह जाणे. गावच्या ओळखपत्रावर खोली न देणारी हॉटेले असतात, हेही खरे. आम्ही लेकीला खरे तेच सांगितले, "माहीत नाही. पण दहा मिनिटांत कारण तीन वेळा बदललं, हे तू आणि मी दोघींनी ऐकलं."

मग आम्ही आवाज न चढवता एकच मागणी केली, "जे कारण असेल ते कागदावर लिहून द्या." त्याने लिहून दिले नाही. कुणाला तरी फोन लावला आणि पैसे परत मिळतील असे सांगितले. आम्ही वेळ, तारीख आणि तिन्ही कारणे वहीत टिपली आणि बाहेर पडलो.

संविधानात हॉटेलचे नाव आहे

आम्ही वर्गात नागरिकशास्त्र शिकवतो. समानतेच्या हक्काचे कलम मुलांकडून घोकून घेतो. पण त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले की कलम १५ मध्ये 'हॉटेल' हा शब्दच लिहिलेला आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा येथे जाण्यापासून अडवता येत नाही. त्याच कलमात पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात.

तलाव हा शब्द तिथे का आला, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे पुन्हा परिषद भरवायची तर मंडपासाठी जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या स्थानिक मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. ज्याला सगळीकडून 'जागा नाही' असे उत्तर मिळत होते, त्याला आपल्यातल्याच एकाने जागा दिली, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

"आधी आजींना बसवा"

दोन गल्ल्या सोडून एक साधे लॉज होते. काउंटरवर मालवणकडचे एक वयस्कर गृहस्थ. आम्ही ओळखपत्रे काढू लागलो तसे म्हणाले, "कागद मागाहून बघू. आधी आजींना बसवा. पाणी घ्या." खोली दुसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट होती. दोन इमारतींच्या फटीतून हातभर समुद्र दिसत होता. अम्मी खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या आणि असरपर्यंत उठल्या नाहीत.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, ओली वाळू लांबवर उघडी पडली होती. अम्मींनी चपला हातात घेतल्या. पहिली लाट पायावर आली तेव्हा त्यांनी आमचा दंड घट्ट धरला. दुसरीला सोडून दिला.

मगरिबच्या वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मुंबईहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. म्हणजे जुहूला नमाजीचे तोंड आपोआप समुद्राकडेच होते. गर्दीपासून दूर, कुणाच्या वाटेत न येता आम्ही मुसल्ला अंथरला. सलाम फेरल्यावर अम्मी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाना ह्याच पाण्यावरून गेले." बंदर शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे, हे सांगायचे धाकट्याच्या ओठांवर आले होते. आम्ही त्याला खुणेने गप्प केले.

लेकीचा दुसरा प्रश्न

इथे लेख संपवता आला असता. पण परतीच्या गाडीत थोरलीने विचारले, "अम्मी, आपणही त्या ओडिशाच्या दादाला असंच सांगितलं होतं ना?"

चाकणच्या वाचकांना ठाऊक आहे, आमच्या भागात घराला जोडून दोन-चार खोल्या काढणे हा घरोघरचा आधार आहे. कंपन्यांत कामाला बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातून पोरे येतात. आमच्याही दोन खोल्या आहेत. गेल्या वर्षी एक पोरगा पाठीवर बॅग घेऊन दारात आला होता. आम्ही नाव विचारले, गाव विचारले आणि "खोली गेली" म्हणून सांगितले. खोली गेली नव्हती. आणखी आठवडाभर ती रिकामीच होती. 'ही पोरं रात्री-अपरात्री येतात, काय खातात, कसे राहतात कोण जाणे', असे आम्ही आपल्या मनाशी म्हटले होते. त्याला मात्र कारण सांगितले नाही. लेक तेव्हा दारातच अभ्यास करत बसली होती.

हॉटेलवाल्याने आम्हाला तीन खोटी कारणे दिली असतील, आम्ही त्या पोराला एक दिले. भाड्याची खोली कलम १५ मध्ये बसते की नाही हा वकिलांचा प्रश्न आहे. आमच्या दारापुरता तो ईमानाचा प्रश्न आहे. ओळखपत्र पाहणे, भाडेकराराची आणि पोलिसांकडे नोंदणीची अट घालणे, घराचे नियम आधीच सांगणे, हे सगळे रास्त आहे. ते सगळ्यांना सारखेच लावावे. नाव-गाव ऐकून खोटे बोलणे रास्त नाही.

निघण्यापूर्वी एवढे करा

आमच्या अनुभवातून काही गोष्टी:

• खोली ठरवल्यावर हॉटेलला स्वतः फोन करा. कोणते ओळखपत्र चालते, पुणे जिल्ह्यातले चालते का, जादा गादी मिळते का, लिफ्ट आहे का, हे विचारा. उत्तर संदेशावर लेखी मागवून घ्या.

• प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र सोबत ठेवा. आधारच्या संकेतस्थळावरून फक्त शेवटचे चार अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' काढता येते. तेही जवळ असू द्या.

• ठरलेली खोली नाकारली तर भांडू नका. कारण लेखी मागा, वेळ टिपा, बुकिंगचा संदेश जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

• भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोनदा होते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. हाजीअलीला जायचे असेल तर वेळ आधी पाहा, भरतीत तिथली वाट पाण्याखाली जाते. पावसाळ्यात मुलांना लाटांजवळ नेऊ नका. त्या दिवसांत जुहूला निळसर, डंख करणारे जेलीफिशही वाळूवर येतात. जीवरक्षकाची शिटी ऐकली की मागे फिरा.

• चाकण ते मुंबई हे अंतर शरई सफरीचे आहे. हनफी मसलकानुसार पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार रकात फर्जच्या दोन होतात, फजर आणि मगरिब तशीच राहते. शाफई घरांनी आणि ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.

आमची तक्रार थोरलीने स्वतःच्या अक्षरात लिहिली. पैसे परत आले. हॉटेलचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. आम्ही पुन्हा पत्र पाठवणार आहोत.

मागच्या महिन्यात आमची एक खोली रिकामी झाली. दारावर पाटी लावली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी दोन पोरे आली, लातूरकडची, कंपनीचे पास गळ्यात. मुलांच्या अब्बूंनी करार, भाडे, पाण्याची वेळ सगळे समजावून सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात आतून अम्मींचा आवाज आला, "आधी त्यांना बसव तरी. पाणी दे."