गिरगावच्या रखमाबाई आणि विलायती वैद्यक

बालपणीच लग्न लागलेल्या पतीच्या घरी नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम मुंबई हायकोर्टाने १८८७ साली फर्माविला असता ज्यांनी कैद भोगण्याची तयारी दाखविली, पण नांदणे पत्करले नाही, त्या रखमाबाई (१८६४–१९५५) गिरगावात सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या छायेत वाढल्या. पुढील वर्षी पतीने दोन हजार रुपये स्वीकारल्याने दावा मिटला. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, आणि १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून प्रथम सुरतेस, नंतर राजकोटास रुग्णसेवेत रमल्या.

आज परदेशी जाऊन वैद्यक शिकू पाहणाऱ्या परळ-लालबागच्या विद्यार्थ्याची गाठ कोर्टाशी नव्हे, नियमावलीशी पडते: प्रस्थानापूर्वी नीट परीक्षेची पात्रता, २०२१ च्या नियमांन्वये किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम व त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, परतल्यावर परवान्यासाठी परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. शिवाय त्या देशातही व्यवसाय करण्याचा परवाना मिळण्याजोगी पदवी हवी. प्रवेश मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला नेमके हेच कलम प्रथम विचारावे.