हवाई छायाचित्रांचे निर्वचन

विमानातून काढलेले छायाचित्र म्हणजे नकाशा नव्हे, याची साक्ष आपला हजीऱ्याचा किनारा देतो. खंभातच्या आखातात भरतीचे पाणी कित्येक मीटर चढते आणि तापीच्या मुखाजवळची जमीन एवढी सपाट, की भरतीच्या व ओहोटीच्या वेळची छायाचित्रे दोन निराळ्या गावांची वाटावीत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध आले. तेव्हापासून ही रेषा कोठे ओढायची, हा कारखानदार आणि मच्छीमार दोघांच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न झाला आहे. चित्रावरून ती वाचणार कोण?

असे वाचक घडविण्याचे काम डेहराडूनला सुरू झाले. १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या साहाय्याने, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छत्राखाली, छायाचित्र-निर्वचनाची संस्था तेथे निघाली. १९६९ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी स्वतःची सोसायटी स्थापन केली. तिच्या नियतकालिकाचे नाव ‘फोटोनिर्वाचक’. मला हे नाव फार आवडते. निर्वचन हा यास्कांच्या निरुक्तपरंपरेतील शब्द. शब्द उकलून अर्थ सांगणे म्हणजे निर्वचन. येथे उकलायची असते ती छटा, पोत, आकार आणि सावली. एकमेकांवर सुमारे ६० टक्के येणारी दोन छायाचित्रे स्टिरिओस्कोपखाली ठेवली, की उंचसखल भूमी डोळ्यांपुढे उभी राहते. पण ती बांध आहे की वाळूचा दांडा, हे यंत्र सांगत नाही.

सोसायटीपुढची अडचण विलक्षण होती. हवाई छायाचित्रे बहुतांशी गोपनीय. ज्याविषयी बोलायचे ती वस्तूच सर्वांपुढे मांडता येईना. म्हणूनच तिच्या परिषदांनी आणि निबंधांनी जपली ती वाचनाची रीत, असे माझे मत आहे. १९७० मध्ये प्रा. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर केरळातील नारळबागा टिपून रोगट झाडे हुडकली होती; त्या प्रयोगाने या रीतीचा उपयोग देशाला पटला. १९८८ मध्ये आयआरएस-१ए उपग्रह गेला. सोसायटीच्या नावातही ‘छायाचित्र-निर्वचन’ जाऊन ‘दूरसंवेदन’ आले. गावोगावी शाखा निघाल्या. अंतराळ उपयोग केंद्रामुळे अहमदाबादची शाखा आपल्याला जवळची. गोपनीयतेचे बंधन मात्र बरेचसे सैल झाले ते २०२१ च्या धोरणाने.

अवरक्त चित्रात तिवरे लाल दिसतात. परंतु शेवाळाचा थर आलेला चिखलही तांबूस छटा दाखवू शकतो. ती शंका फेडण्यासाठी आजही ओहोटीची वेळ पाहून, गुडघाभर गाळात, पायीच जावे लागते.