उन्हात वावरा, पण सावली विसरू नका!

दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान झाले की चेहऱ्यावर कशी टवटवी येते! पण ही टवटवी चार दिवसांची पाहुणी का ठरावी? सण आटोपतो आणि बाहेरची धावपळ पुन्हा सुरू होते. कुणी शेतात कापणीला, कुणी भाजीची पाटी घेऊन मंडईत, कुणी स्कूटरवरून कचेरीला, तर कुणी मुलांना घेऊन समुद्रकाठी. मग एके दिवशी आरशात गालावरचा काळसर डाग दिसतो आणि शोध सुरू होतो तो गोरेपणाच्या मलमाचा!

तेव्हा भगिनींनो, एक गोष्ट आधीच स्पष्ट करू या. तेज निराळे आणि गोरेपणा निराळा. सावळा रंग हा दोष नव्हे, ती निसर्गाने दिलेली ढाल आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरण शोषून घेते. मात्र ही ढाल पुरी पडत नाही. या किरणांपैकी एका प्रकाराने कातडी भाजते. दुसरा खोलवर शिरून सुरकुत्या पाडतो, आणि तो खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतो. वांगाचे डाग तर उन्हाने अधिकच गडद होतात.

सावली हेच पहिले प्रसाधन

आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली, की ऊन कडक समजावे. साधारणतः सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात शक्य तितके सावलीत राहावे. पण जिचे पोटच उन्हातल्या कामावर आहे, तिने काय करावे? तिने चेहरा, कान आणि मान झाकेल असा घट्ट विणीचा सुती रुमाल बांधावा किंवा रुंद कडांची टोपी घालावी. झिरझिरीत पदराने ऊन फारसे अडत नाही. ढगाळ दिवशीही गाफील राहू नये. वाळूवरून आणि पाण्याच्या फेसावरून किरण उलटून येतात, म्हणून समुद्रकाठी छत्रीखालीसुद्धा चेहरा रापतो.

जोडीला सनस्क्रीन हवे. एसपीएफ ३० असलेले मलम कातडी भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते. पण ते पुरेसे लावले तरच! तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहऱ्याला व मानेला लागतात. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा मिनिटे ते लावावे. उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर तर अवश्य, पुन्हा लावावे.

घरी परतल्यावर

गार पाण्याने व सौम्य साबणाने चेहरा धुवावा, रगडू मात्र नये. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीनयुक्त मलम हलक्या हाताने लावावे. उटणे सणाला छान. रोज खसखसून लावले तर कातडी सोलवटते. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाणे तर टाळाच. त्यातील द्रव्यांवर ऊन पडले की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात.

आठवड्यात गोरे?

आता सर्वांत महत्त्वाचे. शेजारणीने सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या 'गोऱ्या' करणाऱ्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, नको तेथे केस वाढतात. आणि मलम थांबवताच सारे उफाळून येते. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशा अनेक मलमांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली. काही बेनामी मलमांत पारा असतो; तो मूत्रपिंडालाही अपाय करतो. असे मलम वापरात असेल, तर लाजू नका, ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. रंग वा आकार बदलणारा तीळ आणि न भरणारी जखमही त्यांना दाखवावी.

निरोगी कातडीचे तेज हे घाईने येत नाही. रोजच्या छोट्याशा काळजीने ते टिकते. आणि हो, यंदा भाऊबीजेला ओवाळणीत काय मागावे असा प्रश्न पडलाच, तर बंधुराजांकडून एक चांगली छत्री मागून घ्या!